जंगल संपून टुंड्रा सुरू होतो तिथं नेमकं काय काय उगवतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात भूगोल शिकवते, दिवसा ज्युनियर कॉलेजची पोरं आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेवाली. दरवर्षी सप्टेंबरात सगळ्यांना एकदा कासला घेऊन जाते, आणि पठारावर उतरल्या उतरल्या कुणीतरी विचारतंच, "मॅडम, एवढा पाऊस पडतो मग इथं झाडं का नाहीत?" तिथनं गाडी टुंड्रावर जाते, मग तैगावर, मग पोरं घरी पोचेपर्यंत व्हॉट्सअपवर प्रश्न सुरूच. दरवर्षी तेच प्रश्न, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. मी स्वतः आर्क्टिकला गेलेली नाही, हिमालयात भोजबासापर्यंत मात्र गेलीय, त्याचं पुढं येईलच.

तैगा कुठला आणि टुंड्रा कुठला, आधी हे सोपं करून सांगा ना

पृथ्वीच्या डोक्यावर उत्तर ध्रुवाचा समुद्र आहे, त्याच्या भोवती अलास्का, कॅनडा, ग्रीनलँड, नॉर्वे-स्वीडन-फिनलंड आणि मग अख्खा रशिया. समुद्राच्या कडेचा बिनझाडांचा पट्टा म्हणजे टुंड्रा आणि त्याच्या खाली दक्षिणेला स्प्रूस, फर, पाइन, लार्च असल्या सूचिपर्णी झाडांचं जे प्रचंड जंगल आहे ते तैगा. तैगा हा शब्द आपल्याकडं रशियनमधून आला, आणि टुंड्रा हा मुळात त्या भागात रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या भाषेतला, तोही रशियनमार्गेच आला. दोघांच्या मधली शिव सगळं जग फिरून मोजली तर तेरा हजार किलोमीटरच्या वर भरते.

नकाशावर तर एक रेघ दाखवतात. खरंच तिथं जंगल असं कापल्यासारखं संपतं का?

नाही. ही रेघ छापणाऱ्यांच्या सोयीसाठी असते.

आपल्याकडचंच बघा. महाबळेश्वरातनं एसटीत बसा, मेढ्यावरनं साताऱ्यात या, तिथनं कोरेगाव, पुसेगाव करत दहिवडीला जा. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर. वर महाबळेश्वरात जांभूळ, अंजन, पिसा यांचं दाट कायम हिरवं रान, पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. खाली आलं की पानगळीची झाडं, मग रस्त्याकडंचे वड आणि चिंचा, पुसेगावच्या पुढं बाभळी, बोरी, हिवर, आणि माणात पाऊस पाचशेच्या आसपास. आता मला सांगा, घाटमाथा कुठल्या स्टॉपवर संपला आणि माणदेश कुठल्या स्टॉपवर सुरू झाला? कंडक्टरलाही सांगता येणार नाही. तसंच ते. फरक एवढाच की आपल्याकडं पाणी कमी कमी होत जातं आणि तिकडं उन्हाळा. डोंगराळ भागात हा मधला पट्टा थोडक्यात आटपतो पण कॅनडाच्या सपाट भागात तो शंभर-दीडशे किलोमीटर रुंद असू शकतो, आणि त्यात जंगलाचे तुकडे आणि टुंड्राचे तुकडे गोधडीच्या ठिगळांसारखे एकमेकात शिवलेले असतात. याला वन-टुंड्रा म्हणतात.

झाडं थंडीनं मरतात म्हणून पुढं जात नाहीत, बरोबर ना?

इथं सगळे चुकतात, शिक्षक पण चुकतात, मीही पहिली काही वर्षं असंच शिकवत होते.

सायबेरियात वेर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन ही दोन गावं आहेत, तिथं उणे ६७ अंशांपर्यंत पारा गेल्याची नोंद आहे. आणि गावांच्या भोवती लार्चचं जंगल आहे! उलट समुद्रकाठच्या टुंड्रात हिवाळा बऱ्याच ठिकाणी त्यापेक्षा सौम्य असतो, तरी झाड एक नाही. म्हणजे हिवाळ्याच्या थंडीनं झाड थांबत नाही. झाड थांबतं ते उन्हाळा पुरत नाही म्हणून.

ओयम्याकोनला हिवाळा भयंकर असला तरी जुलैत चांगलं गरम होतं. किनाऱ्यावर समुद्राचा बर्फ जवळ असतो त्यामुळं जुलै पण गारच. जुलै महिन्याची सरासरी १० अंशांच्या खाली गेली की झाडं संपतात, असा एक ढोबळ नियम आहे, हवामानाचे प्रकार पाडणाऱ्या कोपेननं टुंड्राची हद्द ह्याच आकड्यावर आखली. जगभरच्या डोंगरांवरची झाडांची शेवटची पातळी तपासली तर तिथं वाढीच्या हंगामाची सरासरी सहा-साडेसहा अंशांच्या आसपास येते, मग डोंगर विषुववृत्तावरचा असो की उत्तरेकडचा. कारण साधं आहे, पाच-सहा अंशांच्या खाली झाडाला नवीन पेशी बनवणं, लाकूड बनवणं जवळजवळ जमतच नाही. पानं अन्न तयार करतात पण बांधकाम बंद. सिमेंट-वाळू येऊन पडलीय आणि गवंडी सुट्टीवर, असं.

उसाचं उदाहरण पोरांना पटकन कळतं. ऊस बारा-चौदा महिन्यांचं पीक, त्याला तीन महिने पाणी देऊन नऊ महिने पाट बंद ठेवला तर काय होईल? झाड म्हणजे ऊस. खोड उभारायचं, ते जाड करायचं, नवे शेंडे थंडीच्या आत पक्के करायचे, बी पिकवायचं, ह्या सगळ्याला त्याच्याकडं मोजके आठवडे.

मग मटकी-हरभऱ्यासारखी हंगामी रोपं तिथं भरपूर असतील?

हा प्रश्न आटपाडीच्या एका मुलानं विचारलेला, आणि लय भारी प्रश्न आहे, कारण माझं उसाचं उदाहरण इथंच लंगडं पडतं. टुंड्रात एका वर्षात उगवून, फुलून, बी टाकून मरणारी रोपं जवळजवळ नाहीतच. उन्हाळा इतका छोटा की शून्यापासून बीपर्यंत एका दमात पोचणं परवडत नाही. बहुतेक सगळी बहुवर्षायू असतात, मुळात साठा करून ठेवतात, पुढच्या वर्षीची कळी आदल्या वर्षीच तयार करून बर्फाखाली झाकून ठेवतात, आणि त्यांच्या अंगाचा मोठा हिस्सा जमिनीखाली असतो. वर दिसतं ते बोटभर.

दक्षिणेकडनं उत्तरेला चालत निघालं तर क्रमानं काय काय दिसेल?

आधी दाट जंगल. स्प्रूस आणि फरची झाडं एकमेकाला खेटून, आत अंधार, खाली शेवाळाची जाड गादी, पाय टाकला की रुततो. पुढं जाल तसं झाडांमधलं अंतर वाढतं, उंची कमी होते, आणि एका टप्प्यावर जंगल डाळिंबाच्या बागेसारखं दिसायला लागतं, प्रत्येक झाड सुटं आणि मधल्या मोकळ्या जागेत पांढरट रंगाचं कुरकुरीत लायकेन (मसाल्यातल्या दगडफुलासारखं, त्यावर पुढं प्रश्न आहे) पसरलेलं. कॅनडात असलं जंगल अफाट पसरलंय.

त्याच्यापुढं झाडं सगळीकडं नसतात, जागा निवडून असतात. ओढ्याच्या काठानं, उताराच्या आडोशाला, नदीच्या खोऱ्यात. कॅनडातल्या मॅकेंझी नदीच्या बाजूनं झाडं पार उत्तरेत शिरलीत कारण नदी दक्षिणेकडनं कोमट पाणी आणि गाळ घेऊन येते. दोन खोऱ्यांच्या मधल्या उघड्या माळावर मात्र झुडपं. मग येतात ती वेडीवाकडी खुजी झाडं, त्यांच्यावर पुढं वेगळा प्रश्न आहे.

झाडं संपली की झुडपांचं राज्य सुरू. बुटका बर्च, विलो, अल्डर. आधी कमरेएवढी, मग गुडघ्याएवढी, मग घोट्याएवढी. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातकुळीतलं झाड, इथं नदीकाठी चांगलं उभं वाढतं, तिकडं त्याचे भाऊबंद जमिनीवर वेलीसारखे पसरून असतात, आणि त्यातली काही दोनशे वर्षांच्या वरची निघालीत. तुम्ही दोनशे वर्षांच्या झाडावर बूट ठेवून उभे आहात आणि तुम्हाला माहीत पण नाही.

झुडपांबरोबर आणि त्यांच्या पुढं कापूसगवताचे गड्डे लागतात, फुटबॉलएवढे, प्रत्येक गड्ड्यावर पांढरा कापूस डुलतोय आणि दोन गड्ड्यांमध्ये पाणी, चालणं म्हणजे शिक्षा. अजून उत्तरेला जमिनीला चिकटलेल्या गाद्या, शेवाळ, लायकेन, आणि शेवटी ध्रुवीय वाळवंट, जिथं जुलैची सरासरी ३ अंशांच्या पण खाली. तिथं उघडी खडी जास्त, हिरवं कमी, आणि लाकडी खोडाचं एकही झुडूप नाही.

ही वाकडी झाडं काय भानगड आहे?

ह्यांना क्रुमहोल्झ म्हणतात, जर्मन शब्द, वाकडं लाकूड. हिवाळ्यात बर्फाचा थर झाडाच्या खालच्या भागाला रजईसारखा झाकतो, तेवढा भाग सुखरूप. बर्फाच्या वर डोकं काढलेल्या फांद्यांना वारा आणि वाऱ्याबरोबर उडणारे बर्फाचे कण सँडपेपरसारखे घासतात, सुया सुकतात, मरतात. म्हणून झाड खाली घागऱ्यासारखं पसरलेलं आणि वर एखादीच काठी, तिच्या पण फक्त वाऱ्याच्या उलट्या बाजूला फांद्या, झेंडा फडकतोय असं वाटतं. असल्या झाडाची उंची बघून हिवाळ्यात तिथं किती बर्फ साचतो ते सांगता येतं, मोजपट्टी लागत नाही.

पाऊस कमी असतो असं पुस्तकात आहे, आणि तुम्ही म्हणता पाणीच पाणी. कसं काय?

दोन्ही खरं आहे. वर्षाला दीडशे-अडीचशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणच्या निम्मा किंवा त्याहून कमी. पण जावळी-पाटणकडच्यांनी भाताची चिखलणी बघितली असेल. चिखलणी करून खाली घट्ट थर बसवतात म्हणजे पाणी खाली मुरत नाही. तिकडं हा थर निसर्गानंच करून ठेवलाय, त्याला पर्माफ्रॉस्ट म्हणायचं, कायम गोठलेली जमीन. उन्हाळ्यात वरची फूट-दोन फूट, कुठं तीन फूट माती सुटते, तिच्याखाली दगडासारखं गोठलेलं. पाणी मुरायला वाट नाही, गारव्यामुळं वाफ पण फार होत नाही, मग दलदल होणारच.

झाडांना ह्याचा त्रास असा की मुळं खोल जातच नाहीत, ताटात पसरल्यासारखी आडवी पसरतात. खालचा बर्फ कुठं वितळला आणि जमीन खचली की झाडं इकडं तिकडं कलतात. असल्या रानाला तिकडं लोक 'दारू प्यालेलं जंगल' म्हणतात, फोटो बघा, नाव एकदम फिट्ट आहे.

सगळीकडं शेवटचं झाड एकच असतं का?

अजिबात नाही, आणि परीक्षेत हे सहसा विचारत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

कॅनडा-अलास्कात शेवटी काळा आणि पांढरा स्प्रूस. नॉर्वे-स्वीडन-फिनलंडकडं शेवटचं झाड सूचिपर्णी नाहीच, तिथं बर्च आहे, रुंद पानाचा, पान गाळणारा. आणि सायबेरियात लार्च. तैगा म्हणजे सदाहरित असं आपण पाठ करतो, पण लार्चला सुया असून तो शरद ऋतूत पिवळा होऊन सगळ्या गाळतो. हिवाळ्यात सुईच नाही तर सुकणार काय? जगातलं सगळ्यात उत्तरेकडचं जंगल ह्या लार्चचंच, रशियाच्या तैमिर भागात आरी-मास नावाच्या ठिकाणी, ७२ अंश अक्षांशाच्याही उत्तरेला. उलट कॅनडात चर्चिल गावापाशी, ५९ अंशांच्या आतच, झाडं संपायला लागतात, कारण शेजारी हडसनचा उपसागर आहे आणि त्यावरचा बर्फ जुलैपर्यंत रेंगाळतो. तेरा-चौदा अंशांचा फरक! म्हणून 'टुंड्रा ६६ अंशांवर सुरू होतो' असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

बी पिकत नाही तर ही शेवटची झाडं टिकतात कशी?

दाब कलम. आपल्याकडं फांदी वाकवून मातीत दाबून मुळं आणतात ना, तेच काळा स्प्रूस स्वतःच करतो. खालच्या फांद्या बर्फाच्या वजनानं जमिनीला टेकतात, त्यांच्यावर शेवाळ चढतं, मुळं फुटतात, आणि मूळ झाडाभोवती पोरांचा गोल घोळका उभा राहतो. पांढऱ्या स्प्रूसलाही हे जमतं. स्वीडनच्या डोंगरात अशाच पद्धतीनं टिकलेला एक स्प्रूस आहे, खोड लहानसंच दिसतं पण मुळाखालच्या लाकडाचं वय साडेनऊ हजार वर्षं निघालं.

पण ह्यात एक गोम आहे. असल्या टोकाच्या रानाला वणवा लागला तर फांद्याही जातात आणि बियाही पुरेशा नसतात, मग तिथं जंगल परत येतच नाही, लायकेन आणि झुडपं येतात. म्हणजे हवा थंड न होताही जंगल मागं हटू शकतं. उत्तर क्विबेकमध्ये असं झालेलं आहे.

लायकेन म्हणजे शेवाळच ना?

नाही हो. तुमच्या घरात मसाल्याच्या डब्यात आहे ते! कांदा-लसूण मसाल्यात दगडफूल टाकतो ना आपण, ते लायकेन. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. बुरशी घर बांधते, शैवाल उन्हात स्वयंपाक करतं. मूळ नाही, माती लागत नाही, वाळून कडकडीत झालं तरी मरत नाही, पाणी मिळालं की परत चालू.

वन-टुंड्रातलं पांढरं लायकेन हे रेनडिअरचं (कॅनडात त्यालाच कॅरिबू म्हणतात) हिवाळ्यातलं मुख्य खाणं, खुरानं बर्फ उकरून खातात. वाढ मात्र वर्षाला काही मिलिमीटर. एकदा जळलं किंवा तुडवलं की परत यायला दशकं जातात.

मग कास म्हणजे आपला टुंड्राच की!

दिसतं तसं, आहे दुसरं. कासला झाडं नाहीत ती थंडीमुळं नाही, तिथं जांभा दगड वर आलाय आणि त्यावर माती बोटभर, कुठं वीतभर. पावसाळ्यात सगळं तुंबतं, दिवाळीनंतर वाळून खडखडीत. झाडाला मूळ रोवायला जागाच नाही. जिथं भेगेत माती साठलीय तिथं बघा, खुरटलेलं जांभूळ, अंजन दिसतंच.

पण साम्य खोटं नाही. छोटा हंगाम असला की सगळ्यांना एकाच वेळी फुलायची घाई होते, म्हणून तेरडा, सोनकी, गेंद, कवळा असे गालिचे लागतात, तिकडंही जून-जुलैत असंच होतं. आणि कासला सीतेची आसवं आणि दवबिंदू ह्या किडे खाणाऱ्या वनस्पती आहेत, तर दवबिंदूचीच एक बहीण उत्तरेच्या दलदलीत पण आहे. कारण दोन्हीकडं एकच, ओल्या जमिनीत नायट्रोजनची बोंब, मग किड्यांतनं मिळवायचा. एवढं बोलून झाल्यावर पोरं पठारावर बसून फुलं चिरडत सेल्फी काढतात ते वेगळं.

टुंड्रातली फुलं इतकी बुटकी का?

कारण ऊब जमिनीलगत असते. उन्हाच्या दिवशी वारा नसेल अशा दोन-चार इंचांच्या थरात हवा चांगली तापते, उंच झाडाचा शेंडा मात्र गार वाऱ्यातच. म्हणून काही रोपं उशीसारखी गच्च वाढतात, आत वारा शिरत नाही, आणि उशीच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी किंवा त्याहून जास्त असू शकतं. ड्रायस नावाचं पांढरं फूल आणि आर्क्टिक पॉपी दिवसभर सूर्याकडं तोंड फिरवतात, पाकळ्यांची वाटी डिश अँटेनासारखी, मधे ऊब साठते, किडे ऊब घ्यायला येऊन बसतात आणि परागीभवनाचं काम उरकतं.

हवा तापतेय, मग जंगल वर सरकतंय का?

काही ठिकाणी हो, काही ठिकाणी ढिम्म. आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापलाय, त्या हिशोबानं झाडांनी धावतच सुटायला पाहिजे होतं. पण २००९ मध्ये जगातल्या १६६ ठिकाणांचा आढावा घेतला गेला तर साधारण निम्म्या, ५२ टक्के ठिकाणी झाडं पुढं गेलेली, मागं हटलेली फक्त एक टक्का, बाकी जागच्या जागी. उन्हाळा वाढला तरी बी यायला पाहिजे, ते पडायला उघडी माती पाहिजे, रोप रेनडिअरच्या आणि सशाच्या तोंडातनं वाचलं पाहिजे.

झुडपं मात्र जोरात आहेत. अलास्कात १९४० च्या दशकात विमानातनं काढलेले फोटो आणि २००० च्या आसपास त्याच जागांचे परत काढलेले फोटो शेजारी ठेवले तर अल्डर-विलो वाढलेले उघड्या डोळ्यांना दिसतात. आता झुडपं वाढली तर चांगलंच की, हिरवळ झाली, असं पोरं म्हणतात. पण बर्फाच्या पांढऱ्यावर काळपट फांद्या आल्या की ऊन परत न जाता शोषलं जातं, आणि झुडपात अडकून साठलेला बर्फ जमिनीला हिवाळ्यात उबदार ठेवतो. त्या गोठलेल्या जमिनीत आत्ता हवेत आहे त्याच्या साधारण दुप्पट कार्बन अडकलाय. तो सुटायला लागला तर काय, हे मी वर्गात सांगते तेव्हा एकदम शांतता होते.

पूर्वी कधी असं सरकलं होतं का?

हो. साधारण नऊ ते सात हजार वर्षांपूर्वी रशियात जंगल बऱ्याच भागात आजच्या आर्क्टिक किनाऱ्याजवळ पोचलं होतं, आज उघड्या टुंड्रात जुन्या झाडांचे बुंधे सापडतात त्यावरनं कळलं. नंतर परत गार झालं आणि झाडं मागं आली.

एमपीएससीला आलं तर किती लिहायचं?

जुलैची १० अंशांची समताप रेषा, पर्माफ्रॉस्ट, वन-टुंड्रा हा संक्रमण पट्टा, आणि दाट जंगल, विरळ लायकेन रान, खुजी झाडं, झुडपं, गवत-शेवाळ हा क्रम. एक कच्ची आकृती काढा. लार्चचं एक वाक्य टाकलं तर बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसेल.

भारतात हे कुठं बघायला मिळेल? आर्क्टिकचं तिकीट परवडणार नाही

गंगोत्रीवरनं गोमुखच्या वाटेला लागा. उंची वाढते तसं हेच नाटक उभ्या अंगानं दिसतं, उत्तरेकडं शेकडो किलोमीटरमध्ये जे होतं ते इथं दोन दिवसांच्या चालीत. खाली देवदार, मग चीडवासाजवळ पाइन, आणि मग भोजबासा, ३८०० मीटरच्या जवळपास, नावच भूर्जाच्या झाडावरनं पडलेलं. भूर्ज म्हणजे भोजपत्र, म्हणजे बर्चच. नॉर्वेत शेवटी जो उभा असतो त्याचाच चुलतभाऊ. आता तिथं तो फारसा उरलेला नाही, यात्रेकरूंच्या चुली पेटवायला भरपूर तोडला गेला, थोडी परत लागवड केलीय. जे उरलेत ते बघा, बर्फाच्या भारानं खोडं उताराकडं वाकलेली. साल कागदासारखी सुटते, पण सोलू नका, खाली पडलेली मिळते.

आणि खरंच तिकडं जायची ऐपत झाली तर चर्चिलला सडक जात नाही, विनिपेगहून रेल्वे आहे, खिडकीतनं झाडं बारीक बारीक होत जाताना दिसतात असं म्हणतात. जुलैत जाणार असाल तर डोक्यावरनं घ्यायची मच्छरदाणी पहिली बॅगेत टाका.